सगळे रिपोर्ट नॉर्मल, पाय मात्र बधिर

प्रश्न विचारणाऱ्या ताई सांगली जिल्ह्यातल्या आहेत. वय 38, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: आठ महिन्यांपूर्वी तळव्यांना मुंग्या सुरू झाल्या, त्या आता गुडघ्यापर्यंत चढल्यात. चालताना गादीवर पाय पडल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. अलीकडे खडू हातातून सटकतो, आणि वह्या तपासायला मान खाली घातली की पाठीतून करंट उतरतो. मेंदूचा एमआरआय नॉर्मल. नसांची एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) नॉर्मल. कंबरेच्या एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’. बी-12 आधी तपासलंच नाही. बी-12 च्या लाल इंजेक्शनांचा कोर्स झाल्यावर तपासलं तर भरपूर निघालं. एका डॉक्टरांनी मणक्यात गॅप सांगितला, दुसऱ्यांनी व्हिटॅमिन, तिसऱ्यांनी टेन्शन. ताई शाकाहारी आहेत आणि ॲसिडिटीची गोळी चार वर्षं रोज चालू आहे. त्यांचा प्रश्न: “हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? नसतील तर आता कुणाकडे जाऊ, कुठली तपासणी करू? आणि शाळेत स्कूटरवर जाते, ते चालेल का?”

ताई, पेशंटला न तपासता रोगाचं नाव मी सांगत नाही, इथेही सांगणार नाही. पण तुमचा तपास पुरा झालेला नाही, एवढं तुमच्या लिहिण्यावरून नक्की म्हणता येतं. तीन रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून तो संपला असं सगळ्यांनी धरलं, आणि ‘मन’ हे एकच उत्तर शिल्लक उरलं म्हणून ते तुमच्या पदरात पडलं.

आमच्या शाखेत, म्हणजे न्यूरोलॉजीत, विचाराचा क्रम ठरलेला असतो. बिघाड कुठे आहे हे आधी, काय आहे हे नंतर. मेंदू, मणक्यांच्या आतून उतरणारा मज्जारज्जू, तिथून निघणाऱ्या नसा, नस आणि स्नायू जिथे भेटतात तो सांधा, आणि स्नायू. यातलं ठिकाण ठरवल्याशिवाय काढलेला एमआरआय म्हणजे चुकीच्या वर्गात जाऊन हजेरी घेणं. मूल गैरहजर लागणारच.

तुमचंच बघा. पाय बधिर, म्हणून कंबरेचा एमआरआय काढला. हे आपल्याकडे रोज घडतं. पण मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली फक्त नसांचा झुपका असतो. म्हणजे कंबरेच्या फिल्ममध्ये मज्जारज्जूचं जेमतेम शेवटचं टोक दिसतं. मान आणि पाठ त्यात येतच नाहीत. पायाची संवेदना मेंदूपर्यंत पोचते ती मात्र पाठ आणि मान पार करूनच. तुमचा मेंदू पाहिला, कंबर पाहिली, आणि मधला सगळा पट्टा कुणी पाहिलाच नाही.

मान वाकवल्यावर पाठीतून करंट उतरणं हे लक्षण सरळ मानेतल्या मज्जारज्जूकडे बोट दाखवतं. आम्ही त्याला लर्मिटचं लक्षण म्हणतो. मानेच्या मणक्याची झीज होऊन मज्जारज्जू दाबला जात असेल, बी-12 अभावी त्याचा मागचा भाग खराब झाला असेल, किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजाराने तिथे सूज आली असेल, तर मान पुढे घेताना तो ताणला जातो आणि झटका बसतो. हातातली पकड सुटणंही त्याच जागेला धरून आहे. कंबरेतली चकती कितीही सरकली तरी हातातला खडू पडणार नाही. तुमच्या रिपोर्टातला ‘डिस्क बल्ज’ या वयात ज्यांना काहीच त्रास नाही अशांच्या फिल्ममध्येही सर्रास दिसतो. त्याच्यामागे लागून कुणी कंबरेचं ऑपरेशन सुचवलं तर तूर्त नको म्हणा.

एनसीव्ही नॉर्मल आली हाही एक पुरावाच आहे, फक्त तो उलटा वाचला गेला. ही तपासणी हातापायांतल्या जाड नसा बघते. मज्जारज्जूतला बिघाड तिच्यात उमटत नाही, अगदी बारीक नसांचाही नाही. गुडघ्यापर्यंत बधिरपणा असताना जाड नसा ठणठणीत निघाल्या, तर अर्थ असा की आणखी वर बघा. “रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तुम्ही नॉर्मल” असा अर्थ कुठल्याही तपासणीचा नसतो. ती जे बघते तेवढंच नॉर्मल.

आता मला तुम्हाला एक विचारायचंय. या तिघांपैकी कुणी तुम्हाला चपला काढून टेबलावर झोपवलं का? मज्जासंस्थेची नीट तपासणी अर्धा तास घेते आणि तिची साधनं खिशात मावतात. कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवून थरथर कळते का विचारतात. डोळे मिटायला लावून अंगठा किंचित वर-खाली करतात आणि कुठे नेला ते सांगायला लावतात. हातोडीने गुडघा ठोकल्यावर पाय जोरात उडतो की हलतच नाही, हे बघतात. फार उडत असेल तर संशय मज्जारज्जूवर किंवा मेंदूवर, हलतच नसेल तर बहुधा नसांवर. तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून बोटांकडे किल्लीसारखं काही ओढतात; अंगठा वर उचलला गेला तर बिघाड वरच्या मार्गात आहे. हे बाबिन्स्कीने 1896 साली सांगितलं आणि आजही कुठलं मशीन त्याची जागा घेऊ शकलेलं नाही. मग पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला सांगतात. त्यातलं घरचं रूप तुम्हाला ओळखीचं असेल: बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो, हात टेकावा लागतो. होतं का तसं? होत असेल तर डॉक्टरांना पहिल्या दोन मिनिटांत सांगा. तुमच्या जाड फाइलीपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

बी-12 बद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्याबाबत ते यादीत वर आहे आणि तिथेच सगळा गुंता झालाय. हे व्हिटॅमिन प्राणिज पदार्थांतूनच मिळतं. दूध-दही खाणाऱ्या शाकाहारी घरांतही ते कमी निघणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे. त्यात अन्नातलं बी-12 सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि तुमची ॲसिडिटीची गोळी नेमकं तेच आम्ल कमी करते. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी भर पडते. या कमतरतेने मज्जारज्जूचा मागचा भाग आणि पायांच्या नसा दोन्ही खराब होऊ शकतात, आणि तेही हिमोग्लोबिन चांगलं असताना. “रक्त तर चांगलं आहे” म्हणून बी-12 बाद करता येत नाही.

गुंता असा की इंजेक्शनं घेतल्यावर रक्तातली पातळी वाढणारच. ती संख्या इंजेक्शनांबद्दल सांगते, आठ महिन्यांपूर्वी शरीरात काय होतं त्याबद्दल नाही. होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड या तपासण्या पेशींच्या आतली कमतरता पकडतात, पण औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्याही खाली येतात. म्हणून जुने कागद काढा. नोकरीतली वैद्यकीय तपासणी, बाळंतपणाची फाइल, तापात केलेलं रक्त, जे असेल ते. त्यात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, हा आकडा बघा. तो 100 च्या वर असेल तर तांबड्या पेशी मोठ्या झालेल्या होत्या, म्हणजे बी-12 किंवा फॉलिक ॲसिड तेव्हाच कमी असण्याची शक्यता. पण आकडा नॉर्मल असला म्हणून सुटका नाही: आपल्या बायकांना लोहही कमी असतं, त्याने पेशी लहान होतात आणि दोन्ही मिळून एमसीव्ही साळसूदपणे मधोमध येऊन बसतो. जठरात बी-12 शोषलं न जाण्याचा एक आजार असतो, त्याच्या अँटीबॉडी रक्तात बघता येतात. हे कळणं महत्त्वाचं, कारण कमतरता आहारामुळे असेल तर गोष्ट वेगळी, आणि शोषणच होत नसेल तर औषध आयुष्यभर लागतं.

इंजेक्शनं मध्येच सोडू नका. मज्जारज्जूची भरपाई महिन्यांच्या हिशेबाने होते, आठवड्यांच्या नाही. सुरुवातीला मुंग्या वाढल्यासारख्या वाटूही शकतात. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान गुपचूप चालू राहतं. आणि नसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांच्या पट्टीवर बी-6 किती आहे ते वाचा. जास्त मात्रेत बराच काळ घेतलं तर बी-6 स्वतःच पाय बधिर करतं. ताकदीच्या गोळ्या म्हणून दोन-तीन डॉक्टरांच्या पट्ट्या एकदम चालू असलेले पेशंट मी नेहमी बघतो.

तुमच्यासारखेच कागद हातात घेऊन फिरणारे आणखी बरेच जण असतात, म्हणून थोडं तुमच्यापलीकडचं. ‘कुठे’नंतर आम्ही बघतो तो वेग. क्षणात आलेला लुळेपणा रक्तवाहिनीचा. काही दिवसांत पायातून वर चढत जाणारा अशक्तपणा गिलियन-बारे सिंड्रोमचा असू शकतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात याचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते आणि तपासात कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. या आजारात पहिल्या आठवड्यात एनसीव्ही आणि पाठीतलं पाणी (मज्जारज्जूभोवतीचा द्रव) दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. तिथे रिपोर्टाची वाट बघत घरी बसलेला माणूस थेट व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो.

दुसरा प्रकार चढ-उताराचा. सकाळी माणूस छान, संध्याकाळी पापणी डोळ्यावर, एकाचे दोन दिसतात, जेवता जेवता जबडा थकतो. सकाळी अकराला ओपीडीत आला की डॉक्टरांना काहीच सापडत नाही. हा मायस्थेनिया असू शकतो. मेंदूचा एमआरआय त्यात नॉर्मलच येणार, कारण बिघाड नस-स्नायूच्या सांध्यात. अशा घरच्यांना मी सांगतो: सकाळी उठल्यावर एक आणि रात्री आठला एक फोटो काढा, एकाच उजेडात, समोरून. निम्मं निदान त्या दोन फोटोंत होतं. तसंच अधूनमधून येणाऱ्या झटक्यांचं, थरथरीचं. आला की मोबाइलवर चित्रीकरण करा. चेहरा, डोळे उघडे आहेत की मिटलेले, आणि दोन्ही हात दिसू द्या. नुसती धावपळ आणि आरडाओरडा रेकॉर्ड करून आणतात, पेशंट चौकटीबाहेर.

दिवसच्या दिवस न थांबणारी उचकी आणि उलट्या घेऊन लोक पोटाच्या डॉक्टरांकडे एंडोस्कोपी करत फिरतात. मेंदूच्या तळाशी उलटीचं केंद्र असतं, तिथे सूज आली तर हेच होतं. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजाराची ती पहिली खूण असू शकते, आणि त्यासाठी रक्तातली एक अँटीबॉडी बघतात. शाळकरी मुलाचं अक्षर बिघडलं, हात थरथरायला लागला, बोलणं बोजड झालं, तर विल्सन्स डिसीजसाठी (यात शरीरात तांबं साचतं) डोळ्याच्या डॉक्टरांकडून बुबुळाच्या कडेची तपकिरी कडी बघून घ्यावी. हा वेळेत सापडला तर औषधाने आटोक्यात येतो.

आणि कुष्ठरोग. हे नाव आता शिकलेल्या घरात कुणी उच्चारत नाही, आणि शहरातल्या डॉक्टरांच्याही तोंडी येत नाही. भारताने 2005 च्या शेवटी कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, शून्य रुग्ण नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीपासून मुंबईच्या वस्त्यांपर्यंत नवे पेशंट आजही निघतात. करंगळी बधिर, तव्याचा चटका बसला तरी कळलं नाही, कोपराच्या आतल्या बाजूला दोरीसारखी जाड नस हाताला लागते, कुठेतरी फिकट चट्टा जिथे स्पर्श कळत नाही: एवढं असेल तर लाखभर रुपयांच्या तपासण्यांआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, मनाच्या खेळांचा. फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर नावाचा आजार खरोखर आहे. त्यात मज्जासंस्थेची रचना शाबूत असते, चालवण्यात गडबड होते. तो नाटक नाही, आणि ‘बाहेरचं’ही नाही. पण त्याचं निदान “काहीच सापडलं नाही, म्हणून हे” असं करायचं नसतं. त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. उदाहरणार्थ, एक पाय पेशंटला मुद्दाम खाली दाबता येत नाही, पण दुसरा पाय उचलायला सांगितला की तोच ‘लुळा’ पाय आपोआप टेबलात दाबला जातो. ही हूवरची खूण. चांगला डॉक्टर ती पेशंटला करून दाखवतो, कारण ताकद शिल्लक आहे हे स्वतःला जाणवणं ही उपचाराची सुरुवात असते. अशी कुठलीही खूण न दाखवता कुणी टेन्शन म्हणालं, तर ते निदान नव्हे, ती कंटाळा आल्याची खूण. बाई, त्यात नोकरी करणारी, त्यात अहवालात काही नाही, की हा शिक्का फार पटकन बसतो. उलट बाजूही सांगतो: फंक्शनलच्या खुणा स्पष्ट दाखवल्या असतील तर तिथून पुढे एमआरआयवर एमआरआय काढत बसू नये, चांगला फिजिओथेरपिस्ट गाठावा. तुमच्या वर्णनात मला त्या दिशेचं काही दिसलं नाही.

कुणाकडे जायचं? एमडीनंतर न्यूरोलॉजीत डीएम केलेल्या एका डॉक्टरांकडे. एकाच. तिघांकडे एकाच महिन्यात गेलात तर प्रत्येकजण पहिल्या पानापासून सुरू करतो आणि औषधं एकमेकांत मिसळतात. सांगली-मिरज-कोल्हापुरात असे डॉक्टर आहेत. खर्चाचा प्रश्न असेल तर पुण्यात ससून, मुंबईत केईएम. तिथे रांग मोठी, पण शिकवणारी रुग्णालयं असल्याने तपासणी अंगावरचा शेवटचा रिफ्लेक्स बघून होते. फारच अवघड प्रकरण असेल तर बंगळुरूचं निम्हान्स. दक्षिण महाराष्ट्रातले अनेक पेशंट रात्रीची गाडी पकडून तिथे जातात.

जाताना एका कागदाच्या एका बाजूवर मावेल एवढंच लिहून न्या: पहिलं लक्षण कुठलं आणि कोणत्या महिन्यात, मग काय वाढलं, कुठलं काम आता जमत नाही. “अशक्तपणा” असं न लिहिता “पदर खोचताना पिन लावता येत नाही”, “भाकरी थापताना डावा हात मागे पडतो” असं लिहा. आधीच्या डॉक्टरांची मतं त्या कागदावर नकोत, ती फाइलीत असू द्या. एमआरआयचे फक्त रिपोर्ट न नेता सीडी आणि फिल्म न्या. आम्ही चित्र स्वतः बघतो. सगळ्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घाला, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्याही. आईवडील नात्यातले आहेत का, मामाच्या घरात लग्न झालंय का, घरात कुणाचे पाय लवकर थकले का, हेही विचारलं जाईल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, काही आनुवंशिक आजार तिथूनच सापडतात. पण जनुकीय तपासणी स्वतःहून करून घेऊ नका. ठिकाण न ठरवता केली तर अर्थ न लागणारे बदलच जास्त निघतात आणि झोप उडते.

तुमच्या लक्षणांवरून मला वाटतं की तपासून झाल्यावर मान आणि पाठ दोन्हींचा एमआरआय सांगितला जाईल, कदाचित कॉन्ट्रास्ट देऊन. नाही सांगितला तर नम्रपणे विचारा: “मान वाकवली की करंट येतो, मग मानेचा बघायला नको का?” हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार आहे आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. गरज पडली तर पाठीतलं पाणी काढावं लागेल. त्याने माणूस लुळा पडतो ही भीती घराघरांत आहे. सुई कंबरेत खाली घालतात, आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो हे वर लिहिलंच आहे. डोकं दुखू शकतं, ते काही दिवसांत जातं. एक गोष्ट मात्र पाळा: निदानाआधी “बघू फरक पडतो का” म्हणून स्टेरॉइड सुरू करत असतील तर आधी तपासण्या उरकून घेता येतील का ते विचारा. स्टेरॉइडने काही गाठी आणि सूज तात्पुरती विरते आणि पुरावाच नाहीसा होतो.

अपॉइंटमेंट पंधरा दिवसांच्या आतली घ्या. पण त्याआधी लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पायातली ताकद एक-दोन दिवसांत झपाट्याने गेली, एका डोळ्याची नजर अंधुक झाली, गिळताना ठसका लागायला लागला किंवा बोलताना धाप लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.

स्कूटर तूर्त बंद. हाताने ब्रेक लागतो हे खरं, पण गाडी थांबल्यावर जमिनीवर टेकलेला पाय तुम्हाला कळत नाहीये आणि हाताची पकडही सुटतेय. शाळेत कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून जा, रजा घेण्याची गरज नाही. रात्री उठताना आधी दिवा लावा. अंधारात डोळ्यांची मदत गेली की तोल जातो. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊ नका, आणि अंघोळीचं पाणी पायावर घेण्याआधी दुसऱ्या कुणाला हात घालून बघायला सांगा. पट्ट्याची चप्पल घ्या, मागून बांधता येणारी.